इतर अनेक नातलग

आमच्या गावात माणूस मेला की आधी दोन दारं वाजतात. एक माझं आणि दुसरं सेलेस्टीन बाईंचं. मी पेटी करतो, बाई कागद करतात. माझं काम त्या मानाने सोपं. मेलेला माणूस मापाला आडवा पडलेला असतो, हलत नाही, सल्ले देत नाही. बाईंना माप घ्यावं लागतं ते जिवंत माणसांच्या तोंडून, आणि जिवंत माणसं मेलेल्याबद्दल बोलायला लागली की साडेपाच फुटांचा माणूस बघता बघता सात फुटांचा होतो. तेवढ्या मापाची पेटी मी कधी केली नाही.

कागद दोन असतात. पहिला रेडिओचा. दुपारच्या बातम्या संपल्या की तो वाचला जातो, आणि अख्खं ग्रेनेडा बेट तेवढा वेळ हातातलं काम बाजूला ठेवून ऐकतं. कोण गेलं, वय किती, गावात कोणत्या नावाने ओळखत, कोणाचा बाप, कोणाचा भाऊ, नातवंडं कोणकोण, ब्रुकलिनमध्ये कोण आणि टोरँटोत कोण. जन्माचा दाखला हरवला तर आमच्याकडे कोणी विचारत नाही. पण घरातलं माणूस गेलं आणि रेडिओच्या यादीत तुमचं नाव आलं नाही, तर तुम्ही त्या घरचे नाही, संपलं. यादीच्या शेवटी एक ठरलेलं वाक्य असतं : ‘आणि इतर अनेक नातलग व स्नेही, ज्यांची नावं घेणं शक्य नाही.’ त्या वाक्यात कोण राहतं हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. बाहेरची मुलं राहतात, लग्नाबाहेर झालेली.

दुसरा कागद चर्चचा. पुरण्याआधी बाई तो स्वतः उभ्या राहून वाचतात. दोन पानं, जास्त नाही. चाळीस वर्षं त्यांनी गावच्या शाळेत पाचवीला शिकवलं. मलाही शिकवलं, आणि माझ्या निबंधातला ‘सुंदर’ हा शब्द खोडून ‘कसं ते सांग’ असं लिहिलं, त्याचा राग मला अजून आहे. शाळा चालू असतानाच त्यांनी तोच छळ मेलेल्या माणसांवरही सुरू केला. घरच्यांनी येऊन सांगितलं, ‘फार दयाळू होते हो,’ की बाई पेन्सिल खाली ठेवून विचारणार, ‘कोणावर? कधी?’ मग त्या तीन माणसांकडे जाणार. एक, ज्याने मेलेल्याच्या हाताखाली काम केलं. दुसरा, ज्याचं त्याच्याशी भांडण होतं. तिसरी, जी त्याला रांधून वाढायची. तिघांचं ऐकून झालं की शाळेच्या वहीत लिहायचं, खोडायचं, परत लिहायचं.

टिटस कोळी गेला तेव्हा त्यांनी वाचलं होतं, ‘टिटसने उसना नेलेला कोयता धार लावल्याशिवाय कधी परत केला नाही.’ सगळं चर्च हसलं, आणि त्याची बायको तिथे पहिल्यांदा रडली. वरच्या वाडीतला एक जण गेला, घरच्यांवर हात उचलणारा माणूस, नाव घेत नाही. त्याच्याबद्दल बाईंनी लिहिलं, ‘त्याच्या घरातली माणसं त्याची पावलं लांबून ओळखायची.’ त्या दिवशी कोणी हसलं नाही. घरच्यांना त्यात आक्षेप घेण्यासारखं काही सापडलं नाही आणि बाकीच्यांना सगळं कळलं.

बाईंच्या घरी पुस्तकांचं एक कपाट आहे. मीच केलेलं. कादंबऱ्याच जास्त. एकदा मी त्यांना डिवचलं, “खऱ्याचा एवढा सोस, बाई, आणि वाचता काय, तर बनवलेल्या गोष्टी.”

“तू टेबल बनवतोस, ऑगी. ते खोटं असतं का?”

“पाय डुगडुगत असेल तर असतं.”

“मग झालं तर,” बाई म्हणाल्या. “पुस्तकाचंही तेवढंच बघायचं.”

एव्हारिस्ट चार्ल्स गेले ते एका सोमवारी, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी. गावातल्या कोकोवाल्यांच्या मंडळाचे पंचवीस वर्षं प्रमुख. रविवारी चर्चमध्ये बायबल वाचणारे, घंटेसारखा आवाज. उंच माणूस, कपाळाच्या मधोमध एक उभी खोल घडी, जन्मापासूनची. त्यांच्या चार मुलांपैकी एकाच्याही कपाळावर ती नाही. ती आहे मर्लच्या कपाळावर.

मर्ल बसथांब्याजवळ तळलेली मच्छी आणि बेक, म्हणजे गरम तळलेला पाव, विकते. तेव्हा सेहेचाळीस वर्षांची होती. तिची आई इडाली डोंगरावरच्या वस्तीत राहायची, एव्हारिस्टच्या कोकोच्या बागेत शेंगा फोडायला यायची. पुढचं सांगायला नको. गावात सगळ्यांना माहीत होतं आणि कोणी बोलत नव्हतं. आपलं ठेवायचं झाकून या कामात आमचं गाव एकदम पटाईत.

बुधवारी सकाळी मी बाईंच्या पडवीतल्या खिडकीच्या झडपा काढून बसलो होतो. वाळवीने पोखरल्या होत्या. एव्हारिस्टचा थोरला, कार्लाइल, ब्रुकलिनहून आदल्या दिवशीच उतरलेला, इस्त्रीचा शर्ट घालून आला. हातात टाइप केलेली यादी. पोरगं सज्जन आहे, लहानपणापासून. बसला, पाणी प्यायला, यादी बाईंच्या पुढे ठेवली.

बाईंनी चष्मा लावला. “‘चार मुलांचे प्रेमळ वडील.’ प्रेमळ कोणी सांगितलं?”

कार्लाइल हसला. “तुम्ही काही सोडत नाही, बाई. बरं, प्रेमळ काढा.”

“प्रेमळ राहू दे एक वेळ. चार म्हणजे?”

“चारच की. तुम्ही चौघांनाही शिकवलंय.”

“मी पाच जणांना शिकवलंय, कार्लाइल.”

मी झडप तासत होतो, ती तासतच राहिलो. कार्लाइलने माझ्याकडे पाहिलं, मग खाली जमिनीकडे.

“आईची तब्येत बघताय ना तुम्ही,” तो हळू आवाजात म्हणाला. “तिच्यासमोर ते नाव नको. मर्लबद्दल माझ्या मनात काही नाही, देवाशपथ. पण शेवटी ते वाक्य असतंच ना, बाई? ‘इतर अनेक.’ त्यात ती येतेच.”

“उद्या ये,” बाई म्हणाल्या.

तो गेल्यावर मी म्हटलं, “जाऊ द्या हो, बाई. झाकली मूठ.”

“मूठ त्यांची आहे,” बाई म्हणाल्या. “तिच्यात त्या मुलीला दाबून धरायची काय गरज?”

दुपारी मर्ल आली. कढई, चूल सगळं शेजारणीवर टाकून, एप्रन तसाच. मला वाटलं रडारड होणार. मी आत जायला उठलो तर म्हणाली, “बसा ऑगीदादा, तुमच्यापासून काय लपवायचं.” या वाक्याने मला आत कुठेतरी टोचलं. का, ते पुढे सांगतो.

ती पायरीवर बसली. बाई खुर्चीवर.

“बाई, मा एलोडी गेली तेव्हा मी पंधरा वर्षांची होते,” मर्ल म्हणाली. मा एलोडी म्हणजे एव्हारिस्टची आई. “तुम्ही लिहिला होता तिचा कागद. त्या दुपारी मी शाळेचा गणवेश इस्त्री करून घातला. रेडिओ ऐकायला. आईने विचारलं, कुठे निघालीस? मी म्हटलं, कुठे नाही. मग नातवंडांची नावं सुरू झाली. मी बोटं मोजत होते. बावीस झाली. मग तुमचं ते वाक्य आलं. आई म्हणाली, ऐकलंस? त्यात तू आहेस.”

“यादी मला एव्हारिस्टने दिली होती,” बाई म्हणाल्या.

“माहीत आहे. पण पाचवीत माझी वही तपासत होता तुम्ही. माझ्या कपाळाकडे बघून एकदा थांबला होता. मी पाहिलं होतं.”

बाईंनी तिच्या कपाळाकडे पाहिलं.

“मला त्यांचं काही नको,” मर्ल म्हणाली. “बाग नको, घर नको. पेटीमागून चालायलाही नको. नाव हवं. एकदा, मोठ्याने. मग मी माझ्या कढईकडे जाईन.”

“मी विचारते त्यांना.”

“विचारा,” असं म्हणून ती उठली आणि गेली.

बाईंनी संध्याकाळी यादी लिहिली, पाच नावं घालून. दुसऱ्या दिवशी सकाळी कार्लाइल आला, वाचली, नीट घडी घालून परत दिली आणि म्हणाला, “माफ करा, बाई. रेडिओचा आम्हीच पाठवतो.” आवाज चढवला नाही. त्याने पाठवला, आणि त्याच दुपारी तो वाचला गेला. चार मुलं. अकरा नातवंडं. ब्रुकलिन, टोरँटो, बर्मिंगहॅम. आणि इतर अनेक, ज्यांची नावं घेणं शक्य नाही. मी तेव्हा बसथांब्यावर होतो, मच्छी घ्यायला. दुकानातला रेडिओ मोठा लावलेला. मर्ल कढईवर वाकलेली होती, वर पाहिलं नाही तिने. त्या दिवशी मच्छी करपली होती. आम्ही सगळ्यांनी ती गुपचूप खाल्ली.

आता वाटलं, प्रकरण मिटलं. पण चर्चचा कागद राहिला होता, आणि तो कार्लाइलला लिहिता येईना. शुक्रवारी सकाळी एव्हारिस्टची बायको यूडोरा स्वतः आली, काठी टेकत, चढ चढून. मी त्या दिवशीही तिथेच होतो. झडपा बारा होत्या, आणि खरं सांगायचं तर मी काम रेंगाळवत होतो.

“बाई, वाचायला तुम्हीच पाहिजे,” ती बसायच्या आधीच म्हणाली. “तुमच्याशिवाय पुरलं तर लोक म्हणतील, काहीतरी लपवलं.”

“लपवायचं आहेच ना तुम्हाला,” बाई म्हणाल्या.

यूडोरा बसली. तिने काठी गुडघ्यांवर आडवी ठेवली. “सेहेचाळीस वर्षं मी त्या पोरीच्या कपाळाकडे न बघता रस्ता ओलांडते आहे. मच्छी दुसऱ्या गावाहून आणते. मला कोणी विचारलं का कधी, यूडोरा, तुझं कसं चाललंय? तिचं दुःख गावाला दिसतं. ती गरीब आहे. माझं दिसत नाही, मी मिसेस चार्ल्स आहे. उद्या मी माझ्या नवऱ्याला पुरणार आहे. तेवढं मला मान वर करून करू द्या.”

मला तिचं म्हणणं पटलं. बुधवारी मर्लचंही पटलं होतं. माझं असंच आहे, जो समोर बसेल त्याचं पटतं. म्हणून तर मी लाकडाचं काम करतो.

“तुमच्या घराची लाज काढणार नाही,” बाई म्हणाल्या. “आणि खोटंही वाचणार नाही. एवढंच कबूल करते.”

“दोन्ही कसं जमवणार?”

“अजून माहीत नाही.”

यूडोराने काठी जमिनीवर टेकली. “उद्या दोन वाजता,” ती म्हणाली, आणि उठली.

त्या दिवशी बाईंनी वहीची निम्मी पानं फाडली. मी खिडकीतून बघत होतो. लिहायच्या, वाचायच्या, टरकावायच्या. दुपारी मी ब्रेडफ्रूट भाजून नेलं, ते तसंच राहिलं. मी म्हटलं, “बाई, नुसतं मुलांबद्दल लिहूच नका. आकडाच नको, नावंच नकोत. गाळणं म्हणजे काही खोटं बोलणं नाही.”

“मीही तेच म्हणत आले, ऑगी. इतकी वर्षं. मेलेल्याचं सगळं उघडं करायला चर्च म्हणजे पोलीस चौकी नाही, असं मीच सांगायचे. जे लिहीन ते खरं असेल, बाकीचं देवाकडे. आणि त्या बाकीच्यात पायरीवर बसलेली एक मुलगी होती.” त्यांनी चष्मा काढून पुसला. “एव्हारिस्टबद्दल काय लिहायचं याचा मी विचार करत बसलेय. चुकतंय कुठेतरी.”

मग त्यांनी मला घरी हाकललं.

शनिवारी चर्च भरलं होतं. पेटी महोगनीची, पितळी कड्यांची. माझं सगळ्यात चांगलं काम, पण ते असो. पहिल्या बाकावर यूडोरा आणि चार मुलं. मर्ल शेवटच्या बाकाच्या टोकाला, पांढऱ्या पोशाखात, दाराच्या अगदी जवळ. चटकन बाहेर पडता यावं म्हणून असेल.

बाई उभ्या राहिल्या. पंच्याहत्तरीला आलेल्या, पण वाचताना पाठ ताठ. त्यांनी वाचलं की एव्हारिस्टचं भांडण गावात बहुतेकांशी झालं. ‘माझं चुकलं’ हे शब्द त्याला म्हणता येत नसत. त्याऐवजी दुसऱ्या दिवशी सकाळी तो हिरव्या केळ्यांची फणी तुमच्या पायरीवर ठेवून जायचा, आणि कोणाच्या पायरीवर केळी आहेत यावरून कोणाशी भांडला ते गावाला कळायचं. हसू पिकलं. यूडोराही हसली. मग वाचलं की आभाळ भरून आलं की एव्हारिस्ट आधी शेजाऱ्यांच्या वाळत घातलेल्या कोकोवर पत्रे ओढायला धावायचा आणि स्वतःचा शेवटी झाकायचा, आणि यामुळे त्याचा कोको तीनदा भिजला. हे मलाही माहीत नव्हतं. त्याच्याशी बोलणं टाकलेल्या माणसानेच ते बाईंना सांगितलं होतं.

मग बाईंनी पान उलटलं.

“आता एक दुरुस्ती आहे,” त्यांनी वाचलं. “एकतीस वर्षांपूर्वी या माणसाच्या आईचा, मा एलोडीचा, रेडिओचा कागद मी लिहिला. त्यात नातवंडांची नावं बावीस होती. नातवंडं तेवीस होती. तेविसावीला मी वर्गात शिकवलं होतं. मला दिलेली यादी अपुरी आहे हे मला ठाऊक होतं. मी विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर मला लिहावं लागलं असतं. या घराला दोष नाही. लिहिणारी मी होते, चूक माझी आहे, आणि मी ती दुरुस्त न करता मेले असते तर माझ्या कागदात कोणी ती लिहिली नसती. मा एलोडीचं तेविसावं नातवंड, मर्ल.”

चर्चमध्ये पंखेसुद्धा हलायचे थांबले. बायकांच्या हातातले कागदी पंखे म्हणतोय मी. कार्लाइल अर्धवट उठला होता. यूडोराने त्याच्या कोटाचं टोक धरून त्याला खाली बसवलं. ती मागे वळली नाही. समोर पेटीकडे बघत राहिली.

“पुढे वाचा, बाई,” ती म्हणाली.

बाईंनी पुढे वाचलं. मी मर्लकडे पाहिलं. ती रडली नाही. मांडीवरच्या आपल्या हातांकडे बघत होती, तेलाने पोळलेल्या, आणि दाराजवळची असूनही उठून गेली नाही. बाईंचा विद्यार्थी म्हणून मी काही लायकी दाखवली नाही, पण त्या दिवशी मला त्यांचा विद्यार्थी असल्याचा अभिमान वाटला. एवढं मोठं सत्य त्या बोलल्या आणि त्यात स्वतःखेरीज कोणाचंच कातडं सोललं नाही.

गावाने नंतर आठवडाभर त्यावर चर्वितचर्वण केलं. कोणी म्हणे बाईंनी शब्द पाळला, कोणी म्हणे शब्दाला वळसा घातला. चार्ल्सांच्या घरून बाईंना मटणाचा वाटा आला नाही, जो कागद वाचणाऱ्याला नेहमी येतो. यूडोरा अजून मच्छी दुसऱ्या गावाहूनच आणते. इथपर्यंत सांगून थांबलो असतो तर गोष्ट छान गोल झाली असती, आणि मी त्यात हुशार, तोंडाळ सुतार म्हणून उरलो असतो. पण पुढच्या मंगळवारी मी शेवटची झडप बसवत असताना मर्ल आली.

कापडात गुंडाळलेले बेक तिने टेबलावर ठेवले. आभार मानले नाहीत. बाईंनीही वाट पाहिली नाही.

“बाई, तुमच्या दुरुस्तीत चूक आहे,” ती म्हणाली.

बाईंचे कान लगेच टवकारले. “कुठली?”

“तेवीस नाही. चोवीस. माझ्या पाठीवर एक भाऊ होता. मी सहा वर्षांची होते. अकरा दिवसांचा होऊन गेला. डोंगरावर कोणाला कळलं नाही. बाप्तिस्माही झाला नव्हता. मला टेबलावरची पेटी आठवते. आई म्हणाली, बाहेर जाऊन खेळ.”

“त्याचाही बाप एव्हारिस्ट?”

“हो.”

बाईंनी वही ओढली, पेन्सिल घेतली. “नाव?”

“नाव ठेवलंच नव्हतं. आई ‘ते बाळ’ म्हणायची. शेवटपर्यंत. दर वर्षी त्या तारखेला मेणबत्ती लावायची आणि म्हणायची, बिननावाचं गेलं माझं, देव त्याला काय म्हणून हाक मारत असेल.”

माझ्या हातात हातोडी होती. ती मी पायरीवर ठेवली.

मी सांगितलं. मी तेव्हा अठरा वर्षांचा होतो, बापाच्या हाताखाली शिकत होतो. एव्हारिस्ट चार्ल्स एका सकाळी आमच्या सुतारी कारखान्याच्या मागच्या दाराने आले. माप त्यांनी दोन हातांनी दाखवलं. पेटी मी केली, माझी पहिली पेटी तीच. न्यायला आले तेव्हा त्यांनी झाकण उलटं करून माझ्यापुढे ठेवलं आणि म्हणाले, आतल्या बाजूला नाव लिही, माझा हात चालत नाही. सुताराच्या जाड पेन्सिलीने मी लिहिलं. मग ते म्हणाले, हे तिघांतच. बापाने मान डोलावली. नंतर मला म्हणाला, सुताराने माप घ्यावं, गोष्ट घेऊ नये. मी ते मोठं शहाणपण समजून चाळीस वर्षं बाळगलं. मला वाटत होतं इडालीला नाव माहीत असणार. वाटत होतं म्हणजे, मी विचारलं नाही. विचारलं असतं तर मला सांगावं लागलं असतं. अकरा वर्षांपूर्वी इडाली गेली, तिची पेटी मीच केली. मर्ल पैसे द्यायला आली होती तेव्हाही मी लाकडाबद्दलच बोललो.

“काय लिहिलं होतं?” मर्लने विचारलं.

“लिओपोल्ड,” मी म्हणालो.

बाईंनी लिहिलं नाही. वही आणि पेन्सिल त्यांनी माझ्याकडे सरकवली. मी लिहिलं. अक्षर वाईटच आलं. मग मला कोणी सांगितलं नव्हतं, तरी खाली लिहिलं की हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं, आणि माझं नाव घातलं, ऑगस्टीन.

मर्लने वही उचलून वाचली. दोनदा वाचली असावी. मी तिच्या तोंडाकडे बघू शकलो नाही, खिडकीकडे बघत राहिलो.

“आई रोज तुमच्या कारखान्यावरून जायची, ऑगीदादा,” ती म्हणाली.

“हो,” मी म्हणालो.